शेवटची अकरा पानं

लोखंडी पान्याचा दुसरा फटका सावळीरामच्या उजव्या हातावर बसला, तरी त्याने डाव्या हातातलं पुस्तक सोडलं नाही. करंगळी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"तिजोरीची चावी," वाळू म्हणाला. "किती वेळा विचारू, बाबा?"

"मला ठाऊक नाही."

वाळू रंगारी होता. गंगापूर रोडवरच्या याच बंगल्याला गेल्या दिवाळीत ठेकेदाराच्या हाताखाली रंग देताना त्याने दिवाणखान्याच्या भिंतीतली तिजोरी बघून ठेवली होती. मालकाचं तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं. आज भरदुपारी मागचं दार नुसतं लोटलेलं मिळालं, आणि आत सोफ्यावर एक म्हातारा चष्मा लावून वाचत बसलेला. पंखा हवा होता म्हणून म्हाताऱ्याने तीन बटणं दाबून पाहिली होती. आढ्याचे दोन दिवे उगाच जळत होते.

पुढचा फटका तोंडावर आला. सावळीरामने तुटलेला दात तळहातावर काढला, रक्त बाहीला पुसलं आणि पानावर थेंब पडला का ते पाहिलं. पडला नव्हता. वाचायला बसण्याआधी त्याने हात कोपरापर्यंत साबणाने धुतले होते.

त्याला एकच गोष्ट हवी होती. पुस्तक संपवायचं. अकरा पानं राहिली होती. मग एक फोन केला की झालं.

वाळूने मुखपृष्ठावरच्या तपकिरी डागाला बोट लावलं आणि हे काय म्हणून विचारलं. बायकोचं रक्त, सावळीराम म्हणाला. मग तोंडातलं रक्त गिळत त्याने सगळं सांगितलं.

टीव्हीवर रविवारी संध्याकाळी 'टपालबाई' ही मालिका लागायची तेव्हा त्यांची गल्ली ओस पडायची. खेड्यातली पोस्टमास्तरीण पाकिटाच्या डिंकावरून खुनी ओळखायची. खून व्हायचा, पण रक्त कधी दिसायचं नाही. माणूस मरायचा आणि बाकीचे चहा प्यायला बसायचे. तिचा 'सातवी पंगत' हा भाग लागला तेव्हा सावळीराम ओझरच्या विमान कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. त्याच्या बायकोने, कुसाबाईने, तो पाहिला, पण खुनी कोण ते तीस वर्षं सांगितलं नाही. भांडणात नाही, लाडात नाही. तुमची मजा जाईल, एवढंच म्हणायची. पुढे त्या मालिकेवर कादंबऱ्या निघाल्या. त्यातली ही 'सातवी पंगत' आणायला ती कॉलेज रोडला गेली आणि परत येताना एका गाडीने तिला उडवलं. गाडीत दोघे होते. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. चालवत कोण होतं ते कोर्टात ठरलं नाही. गेल्या महिन्यात दोघेही सुटले, आणि पोलिसांकडे जमा असलेली तिची पिशवी पुस्तकासकट सावळीरामला परत मिळाली.

"लय वाईट झालं," वाळू म्हणाला आणि पाना त्याच्या गुडघ्यावर हाणला.

सावळीराम वाकला, पण ओरडला नाही. वाळू दमून समोरच्या टीपॉयवर बसला. पुस्तकाचं नाव वाचून तो एकदम हसला.

"हा भाग म्या पाहिलाय. सिन्नरला, शेजाऱ्याच्या खिडकीतून. नवरदेव बासुंदी खाता खाता जातो, तोच ना?"

सावळीरामचा चेहरा पांढरा पडला. वाळूच्या ते लगेच ध्यानात आलं. त्याने पाना खाली ठेवला.

"चावी सांग. नाहीतर खुनी सांगतो."

"नको." सावळीरामने मोडका हात चांगल्या हाताला जोडला. "हा दुसरा हातही मोड. पण ते नको."

"हलवाई नव्हता. एक कमी झाला."

"पाया पडतो तुझ्या."

"बँडवालाही नव्हता, बरं का." वाळूला आता मजा येऊ लागली होती. "राहिले दोघं. नवरीचा मामा, आन्‌ ती..."

सावळीरामने दोन्ही कान दाबले. सुजलेलं बोट कानाशी दाबलं गेलं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण हे इतका वेळ का लपवलं, असं त्याला वाटून गेलं. पोलिसांना फोन करायचाच होता. अकरा पानं संपायच्या आधी कुणाला कळलं तर काय बिघडणार होतं?

"थांब," तो म्हणाला. "खरं सांगतो. हे घर माझं नाही."

"आन्‌ मी कलेक्टर. मग मालक कुठंय?"

सावळीरामने आतल्या खोलीच्या दाराकडे मान केली.

वाळू पाना उचलून गेला. दार उघडल्याचा आवाज आला. पलंगाजवळ एक जाडजूड माणूस पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीत स्वयंपाकघरातली सुरी मुठीपर्यंत रुतली होती. रक्त उंबरठ्यापर्यंत येऊन वाळलं होतं.

वाळू उलट्या पावली बाहेर आला.

"तुम्ही?"

सावळीरामने डाव्या हाताने पान उलटलं.

"चावीचं मी त्याला विचारलंच नाही. गाडी कोण चालवत होतं, एवढंच विचारलं. म्हणाला, मीच."