शेकरूची युक्ती

हडपसरच्या आयटी कंपनीतला निशिकांत मंगळवारी तापाची रजा टाकून भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू बघायला गेला.

"धोका दिसला की शेकरू पळत नाय. खोडाला चिकटतं अन् गप राहतं," वाटाड्या हिरामणकाका सांगत होते.

तेवढ्यात समोरच्या पायवाटेने, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या, त्याच्या मॅनेजर चैताली मॅडम येताना दिसल्या. निशिकांत जवळच्या जांभळाच्या खोडाला पोट लावून चिकटला आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

दहा मिनिटांनी काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"साहेब, शेकरू कवाच तुम्हा दोघांना बघून गेलं. पलीकडच्या झाडाला चिकटलेल्या त्या मॅडमना तुम्ही सांगता, का मी सांगू?"