संध्याकाळच्या सामन्याआधी

खांदा निकामी झाल्यावर बेसबॉल क्लबने कझुओमीला काढलं नाही, फक्त काम बदललं. पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला, सामन्यात उतरायचं नाही. त्याआधीच्या सरावात आपल्याच फलंदाजांना त्यांच्या मनासारखे चेंडू टाकायचे. गोतो बेटावर मासेमारी करणाऱ्या बाबांना हे सांगायची त्याची हिंमत झाली नाही. फोनवर तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात माझी पाळी आहे, बाबा."

एक दिवस बाबा न कळवता सुकी मासळी घेऊन बोटीने फुकुओकाला आले आणि दुपारीच स्टेडियममध्ये जाऊन बसले. लेकाचा एकेक चेंडू फलंदाजांच्या फटक्यासरशी रिकाम्या खुर्च्यांत जाऊन पडताना बघत राहिले.

सराव संपल्यावर ते कुंपणापाशी आले.

"तोंड काय पाडतोस? असतो एखादा दिवस. संध्याकाळी खऱ्या सामन्यात दाखव की सगळ्यांना इंगा!"

कझुओमी काही बोलणार, तेवढ्यात संघाचा सगळ्यात नावाजलेला फलंदाज निशिवाकी धावत आला. टोपी काढून तो बाबांपुढे कमरेत वाकला.



"काका, तुमचे आभार कसे मानू? मारायला इतका सोपा चेंडू अख्ख्या जपानात तुमच्या मुलाशिवाय कुणी टाकत नाही!"