अठरा इंच

"जरा बुटका करा ना बाक," बायको म्हणाली.

"अठरा इंच म्हणजे अठरा इंच! मला नको शिकवूस," सुतार खेकसला. जुन्या दाराच्या फळ्यांतले खिळे उपसून त्याने घरासाठी झकास बाक केला.

ती बसली. "डुगडुगतोय. हा पाय बघा."

त्याने तो पाय कापला.

"आता तो."

"मी बसलो की कसा डुगडुगत नाही?"

"रोज बसणार कोण? तुम्ही की मी?"

कापून कापून बाक पंधरा इंचांवर आला. वैतागून त्याने करवत आपटली. "आता तरी?"

"आता ठीक आहे."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्याने केलेल्या बाकावर बसून आज पहिल्यांदाच तिचे पाय जमिनीला टेकले होते.