वळवलेले कॉल

वादळात सान पेद्रो सुला शहरातल्या विमा कचेरीत पाणी शिरू लागलं, तेव्हा निडियानेच टोल-फ्री नंबरवरचे सगळे कॉल राजधानीतल्या पर्यायी केंद्राकडे वळवले. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली, कारण आईच्या गावाला जायचा रस्ता अजून पाण्याखाली होता. आईचा काही पत्ता नव्हता.

"जिंकलंस बाई! एवढ्या पुरात एकही कॉल वाया गेला नाही," साहेब खुशीत म्हणाले.

निडियाने राजधानीतल्या केंद्राने घेतलेल्या कॉलची यादी उघडली. त्यात आईचा नंबर नऊ वेळा होता. बॅलन्स संपला की आई याच फुकटच्या नंबरवर तिला फोन करायची. शेवटच्या कॉलपुढे शेरा होता : 'पाणी छपराला लागलंय म्हणते. मुलीला बोलवा म्हणते. पॉलिसी नंबर नाही. कॉल बंद केला.'