बंद करायचं बटण

हौशी लोकांनी मिळून फुकट बनवलेल्या, एका चिमुकल्या गावाच्या गेमचं मराठी भाषांतर तपासताना मल्हारला एकच चूक सापडली. गेम बंद करायच्या बटणावर 'येतो' लिहिलं होतं. भाषांतर केलं होतं मल्लेश्वरमच्या एकाहत्तर वर्षांच्या अनुसूयाबाईंनी. त्याने भाषांतराच्या ग्रुपवर लिहिलं, "अक्का, बाकी एकदम मस्त. फक्त इथे 'बाहेर पडा' करा ना."

लगेच त्यांचं कानडी वळणाचं उत्तर आलं. "सरी, बरं, भाषांतराचे नियम तुला जास्त ठाऊक. पण निघताना तसं बोलू नये रे. आमच्याकडे कोणी नुसतं निघालं तर पायातल्या चपलांसकट परत बोलावतात आणि 'येतो' म्हणायला लावतात. गेममधल्या त्या चिमुकल्या गावाने काय समजायचं, हा कायमचा गेला?"

मल्हारने नियमांचा लांबलचक मेसेज टाइप केला, वाचला आणि पुसून टाकला. बटण होतं तसंच मंजूर केलं आणि लॅपटॉप बॅगेत भरला.

जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये तो एकटाच राहायचा. आठ महिने रोज मुकाट्याने कुलूप लावून ऑफिसला जायचा. आज दार ओढून घेताना तो थबकला आणि आतल्या रिकाम्या खोलीला म्हणाला, "येतो."