मधला कप्पा

"पंख आहेत, पंख! पण उडत नाही, दाणे मागत नाही, पहाटे ओरडत नाही! अशी गुणी कोंबडी अख्ख्या टोंगा बेटांत मिळायची नाही!"

केपुएलीने पॅडचं पाकीट डोक्यावर धरून नाचवलं आणि बाजाराचा तो कोपरा खदाखदा हसला. टरबूजवाले हसले, कंदवाले हसले. बस धुणाऱ्या ड्रायव्हरने तर हातातली बादली खाली ठेवली आणि पोट धरलं.

केपुएलीच्या मनात खोट नव्हती. नाणं टाकलं की वस्तू खाली पडणारं ते मशीन बाजाराच्या तोंडाशी लावलं, तेव्हापासून ते भरायचं काम त्याचं. साबण खपे, मलम खपे, उवांच्या फण्या खपत. मधला कप्पा, पॅडचा, तेवढा भरलेलाच राही. दुकानापेक्षा निम्म्या किमतीत मिळत असूनही बायका लांबून बघत आणि निघून जात. साहेबांनी बजावलं होतं, या महिन्यातही खपली नाहीत तर काढून टाक आणि तिथे सरबताच्या बाटल्या लाव. ते त्याच्या जिवाला लागलं होतं. म्हणून शनिवारी, गावोगावच्या बायका बाजाराला येत तेव्हा, तो दिवसभर मशीनपाशी उभा राहून ओरडत असे. टरबूज ओरडून खपतं, मासा ओरडून खपतो, मग हेच का खपू नये?

"केपू, पुरे कर आता," शेजारी भाजक्या शेंगा विकणारी फीपे म्हणाली.

"का गं मावशी? तुझं वय झालं म्हणून दुसऱ्यांचा बाजार बंद करतेस?"

पुन्हा हशा. फीपे हसली नाही. तिने नुसत्या भुवया उचलल्या, टरबुजांच्या ढिगाच्या दिशेने.

ढिगापलीकडे, भिंतीला पाठ लावून लेसिएली उभी होती. त्याची थोरली बहीण.

दुपारी चर्चमध्ये गाण्याची चढाओढ होती आणि ती नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत होती. हातातली टोपली मात्र पुढे नव्हती, दोन्ही हातांनी पाठीमागे धरलेली होती. ती मशीनकडे येत नव्हती आणि भिंत सोडून दुसरीकडेही जात नव्हती. तिची नजर जमिनीला खिळली होती.

केपुएलीला सगळं एका क्षणात कळलं. तिला काय हवंय ते कळलं, आणि आपण ते डोक्यावर धरून नाचवतोय हेही कळलं.

आवाज फुटल्यापासून तो घराबाहेरच्या वेगळ्या झोपडीत झोपत आला होता. बहीण आत असली की उंबऱ्यावर खाकरायचं, तिच्या कानावर पडेल असं देहाबद्दल वावगं बोलायचं नाही, हे इथल्या प्रत्येक भावाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. तिचा मान बापाहून मोठा. आणि त्याने तिला भर बाजारात कोंबडीच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. किती वेळ उभी होती ती? 'उडत नाही' इथपासून? की त्याच्याही आधीपासून?

पाकीट धरलेला हात खाली आला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तिच्याकडे जाणं शक्य नव्हतं. त्याने स्वतः नेऊन दिलं असतं, तर ती लाजेने दुसऱ्यांदा मेली असती.

त्याने कमरेला गुंडाळलेल्या चटईची दोरी सोडली. बापाची जुनी चटई होती ती, वापरून वापरून कापडासारखी मऊ झालेली. इथल्या रीतीप्रमाणे, कमरेला मानाची चटई गुंडाळल्याशिवाय तो ना कामावर येई, ना चर्चची पायरी चढे. ती त्याने भर बाजारात उतरवली. घडीत पाकीट सारलं आणि सगळं फीपेसमोर ठेवलं.

"मावशी," तो म्हणाला.

"ठेव," फीपे म्हणाली. "आणि तिकडे तोंड कर."

त्याने मशीनकडे तोंड केलं. काचेत बाजार दिसत होता, म्हणून त्याने डोळेही मिटले.

थोड्या वेळाने पावलं जवळून गेली. डोळे उघडले तेव्हा लेसिएली चर्चच्या रस्त्याला लागली होती. पांढऱ्या कपड्यांवर बापाची चटई घट्ट बांधलेली, चाल ताठ. तिने मागे वळून पाहिलं नाही.

चटई पोचवून फीपे आपल्या जागेवर येऊन बसली.

"काही म्हणाली?" केपुएलीने विचारलं.

"म्हणाली, त्या मशीनवाल्याला सांगा. नेहमी येते आणि परत जाते. मीच नाही, सगळ्याच जातात. त्याचा आवाज बसथांब्यापर्यंत ऐकू येतो."

मशीनवाला. भाऊ नव्हे.

केपुएलीने मशीनचं माल भरायचं दार लावलं, कुलूप घातलं आणि शेंगांच्या पोत्यामागे मशीनकडे पाठ करून बसला.

"काय रे केपू!" ड्रायव्हर तिकडून ओरडला. "चटई कुठाय? कोंबडीनं पळवली?"

सगळे हसले. उत्तर केपुएलीच्या जिभेवर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते त्याने गिळलं.

बाजार आपापल्या कामाला लागला. बराच वेळ गेला. मग त्याच्या पाठीमागे मशीनमध्ये नाणं पडलं आणि पाठोपाठ काहीतरी मऊ खाली पडल्याचा आवाज आला. त्याची मान आपोआप वळू लागली.

फीपेने शेंगांची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

"शेंगा सोल," ती म्हणाली. "मान खाली राहील."