पुसलेले कँटन

पृथ्वीमास्तरांनी गोलावरचे फडके बाजूला केले. उभा जन्म जुने पृथ्वीगोल दुरुस्त करण्यात गेला, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिले होते. आजचे काम तर दृष्ट लागावी असे झाले होते. पेकिंगचे बीजिंग, अमॉयचे शियामेन, कँटनचे ग्वांगझौ. इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगचा चीनमध्ये मागमूस उरला नव्हता.

गोल दुरुस्तीला देणारे काका खूश झाले. बोटीवर इंजिन सांभाळण्यात त्यांची हयात गेली. आता कायमचे घरी आले होते, आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोचा गोल नवा करून द्यायचा बेत त्यांचाच.

काकूंनी मात्र चष्मा काढलाच नाही पिशवीतून. सवयीने बोट चीनच्या किनाऱ्यावरून फिरवले. एकदा, दोनदा. बोट घसरून समुद्रात गेले.

"इथं खळगा होता," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

मग कळले ते असे. काकांच्या पत्रांवर बहुतेक वेळा कँटन लिहिलेले असायचे. पत्र वाचून झाले की काकू गोलावर त्या नावावर बोट ठेवायच्या आणि घरातले सगळे सांगायच्या, मुलांची दुखणी, गळका नळ, सासूबाईंचे टोमणे. तीस वर्षांत कँटन झिजून गेले. मास्तरांनी ती जागा खराब समजून कागदाच्या लगद्याने बुजवली होती. काकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

मास्तर ओशाळले. पण जुना कागद खरवडायचा नाही, नवा वरून साध्या खळीनेच चिकटवायचा, ही त्यांच्या वडिलांची शिस्त होती. चूक आपलीही असू शकते, असे वडील म्हणत. मास्तरांनी ओला स्पंज दहा मिनिटे त्या जागेवर ठेवला. मग ग्वांगझौ अलगद सुटून आले, त्यामागे लगदाही. खाली तोच तपकिरी, गुळगुळीत खळगा.

काकूंनी बोट टेकवले. ते बरोबर बसले. बाकीची नावे नवीच असू देत, नातवंडांना बरे पडेल, असे त्यांनी मास्तरांना सांगितले आणि डोळे मिटून ओठ हलवू लागल्या.

काकांनी घसा खाकरला. "अगं, मी इथं उभा आहे."

"थांबा जरा," बोट न उचलता काकू म्हणाल्या, "तुमचीच तक्रार सांगतेय."